एका किचवा लग्नघरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणा विदुषीला बोलवावयाचे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. यंदा मात्र चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. मी म्हटले, "अहो, मी काय बोलणार? माझे सारे आयुष्य शाळेचा वर्ग आणि स्वैपाकघर यांत गेले." त्या म्हणाल्या, "तुम्ही दक्षिण अमेरिकेत लग्न जेवून आलात म्हणता ना? तेच सांगा." तेव्हा त्या लग्नाचीच हकीकत आज सांगणार आहे. त्या लग्नात माझी एकदा फजिती झाली आणि एकदा कानउघाडणी झाली. दोन्ही गोष्टी आपल्या मंडळाच्या कामाच्या आहेत असे मला वाटते, म्हणूनच हे धाडस.

माझे जावई फुलशेतीतले. तळेगावच्या बाजूला हरितगृहात गुलाब लावण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे इक्वेडोर देशात कायांबे नावाच्या गावी त्यांना नोकरी मिळाली. पृथ्वीचे विषुववृत्त या गावाजवळून जाते. विषुववृत्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उन्हाचा तडाखा येतो. पण तेथे मला दोन स्वेटर घालावे लागत. कारण तो सारा मुलूख उंचावर आहे. शेजारी कायांबे नावाचाच ज्वालामुखी पर्वत आहे, त्याची उंची ५,७९० मीटर; विषुववृत्त त्याच्या उतारावरून जाते, आणि त्याचा माथा बर्फाने झाकलेला. उंचावरचे ऊन आणि रात्रीची थंडी यांमुळे तेथील गुलाबाचा दांडा हातभर लांब होतो आणि कळी मोठी धरते. ही फुले साऱ्या जगात जातात. ती तोडणारे आणि बांधणारे हात पुष्कळसे किचवा बायकांचे आहेत.

किचवा हे त्या पर्वतमुलुखातले मूळ लोक. स्पॅनिश लोक तेथे येण्याच्या आधीपासून ते तेथे राहत आले आहेत. त्यांची भाषाही किचवाच. २००८ सालच्या राज्यघटनेने स्पॅनिश ही देशाची राजभाषा ठेवली, आणि किचवा व शुआर या दोन भाषांनाही परस्परसंबंधांच्या अधिकृत भाषा म्हणून मान दिला. त्यांच्या भाषेत 'ताइता' म्हणजे वडील आणि 'मामा' म्हणजे आई. मला पहिल्यांदा कोणी "मामा" अशी हाक मारली तेव्हा मी मागे वळून माझ्या भावालाच शोधू लागले!

२०१८ सालच्या ऑगस्टमध्ये मी मुलीकडे गेले होते. जावयांच्या कामावर फुलांची प्रतवारी पाहणारी एक किचवा बाई होती. माझ्या मुलीशी तिचा मोठा घरोबा. तिच्या धाकट्या भावाचे लग्न होते. तिने आम्हा सर्वांना बोलावणे केले आणि मला मुद्दाम सांगितले, "मामा, तीन दिवसांची सवड काढून या. एक दिवस येऊन लग्न पाहता येत नाही." लग्नाचे गाव तासाभराच्या वाटेवर, ओतावालोजवळ सान पाब्लो तळ्याच्या काठी होते. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. हे तळे अडीच हजार मीटरांच्याही वर आहे. एका बाजूला इंबाबुरा पर्वत, समोर दूरवर कोताकाची. इंबाबुरा हा बाप आणि कोताकाची ही आई, असे तेथील लोक मानतात. कोताकाचीच्या माथ्यावर सकाळी ताजे बर्फ दिसले की बायका एकमेकींकडे पाहून हसतात आणि म्हणतात, रात्री म्हातारा भेटून गेला वाटते! अशी थट्टा आपल्याही बायकांना सुचली असती.

आता लग्नाकडे वळते. किचवा भाषेत लग्नाला 'सावारी' म्हणतात. त्याची सुरुवात मागणीपासून होते. त्या विधीचे नाव 'माकी मान्याय', म्हणजे हात मागणे. आपल्याकडे मुलीच्या बापाने जोडे झिजवावयाचे. तेथे मुलाचे आईबाप वडीलधाऱ्यांना घेऊन, पाव, फळे, पेय असे सारे पाठीवर बांधून मुलीच्या दारी जातात. मुलीकडचे लोक लगेच हो म्हणत नाहीत. मुलाच्या बापाने आपल्या मुलाचे गुण सांगावयाचे, दोष पदरात घ्या म्हणावयाचे. आमच्या यजमानीणबाईने सांगितले की तिच्या वडिलांना बराच वेळ बाहेर थंडीत ताटकळत बसवले होते. हे सांगताना तिला त्यात अपमान वाटत नव्हता. उलट हसू येत होते.

होकार मिळाला की मुलाकडून मुलीकडे अन्नाची मोठी भेट जाते. तिला तेथे 'मेदियानो' म्हणतात. उकडलेल्या बटाट्यांचे ढीग, 'मोते' म्हणजे उकडलेले टपोरे मक्याचे दाणे, अंडी, कोंबड्या, फळे, आणि सर्वांत मानाचे म्हणजे भाजलेले 'कुय'. कुय म्हणजे आपण ज्याला गिनीपिग म्हणतो तो सशासारखा लहान प्राणी. हुंड्याची बोलणी मी तेथे ऐकली नाहीत. देणेघेणे सारे अन्नाचे, आणि त्याची आठवण मात्र चोख ठेवतात. कोणी किती टोपल्या आणल्या हे घरातील बायांना पाठ असते. उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की तितकेच, किंवा थोडे अधिक, परत न्यावयाचे. आपल्या आहेराच्या वहीचेच हे रूप, फक्त वही डोक्यात.

लग्नात सर्वांत मोठा मान धर्माच्या आईबापांना. त्यांना 'आचिक ताइता' आणि 'आचिक मामा' म्हणतात. वधूवरांनी एक सुस्वभावी, नांदते जोडपे आपल्यासाठी निवडावयाचे. ते जोडपे लग्नखर्चातला वाटा उचलते. पण त्यांचे खरे काम पुढचे. संसारात भांडण झाले की नवराबायकोने आधी त्यांच्याकडे जावयाचे. दोघांचे ऐकून घेऊन दोघांनाही दटावण्याचा त्यांना अधिकार. मला ही चाल फार शहाणपणाची वाटली. आपल्याकडे सुनेने गाऱ्हाणे सांगावे कोणाला? सासरी सांगितले तर तोंडाळ ठरते, माहेरी सांगितले तर आईबाप झुरतात. दोन्ही घरांच्या बाहेरचे पण दोहोंना मान्य असे माणूस लग्नाच्या दिवशीच नेमून ठेवले, तर कितीतरी दुःखे वेळीच थांबतील.

पहिल्या दिवशी चर्चमध्ये लग्न लागले. सरकारी नोंदणी आधीच झाली होती. वधूचा पोशाख मात्र आपल्या डोळ्यांत भरणारा. पांढरे पोलके, त्याच्या छातीवर व खांद्यांवर रंगीत फुलांचे भरतकाम, बाह्यांना झालर. खाली 'अनाकू', म्हणजे न शिवलेले कापड गुंडाळून नेसावयाचे. आत पांढरे, वर काळे किंवा गडद निळे. ते कमरेला घट्ट बसवण्यासाठी आधी एक रुंद तांबडा पट्टा, त्याला 'मामा चुंबी' म्हणतात, आणि त्यावर एक अरुंद विणीचा पट्टा, तो 'वावा चुंबी'. वावा म्हणजे मूल. आईपट्ट्यावर बाळपट्टा! गळ्यात सोनेरी मण्यांच्या कितीतरी पदरी माळा आणि मनगटांवर तांबड्या मण्यांचे वेढे. नवऱ्यामुलाची पांढरी विजार, निळा पोंचो, फेल्टची टोपी आणि पाठीवर लांब वेणी. होय, पुरुषांची वेणी. ती त्यांच्या अभिमानाची खूण आहे.

मी माझ्या नेहमीच्या फिकट साडीवर शाल घेऊन गेले होते. तेथील बायका येऊन माझ्या निऱ्या मोजू लागल्या. नेसणाऱ्या जातीला नेसणारी जात ओळखते, असे मला त्या वेळी वाटले.

संध्याकाळी वराच्या घरी पंगत. अंगणात सूर्यास्तानंतर कडाक्याची थंडी. खाली तळ्यातल्या लव्हाळ्याच्या चटया, बाजूला भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्याही होत्या. वीणेसारखे उभे एक मोठे तंतुवाद्य, त्याला हार्प म्हणतात, आणि व्हायोलिन. एक जण तारा छेडतो आणि दुसरा त्याच हार्पच्या पेटीवर हाताने ठेका धरतो. त्या चालीला 'फांदांगो' म्हणतात. एका काकांनी सांगितले की ते तरुणपणी युरोपात गावोगाव स्वेटर विकत हिंडले होते. ओतावालोचे लोक पिढीजात विणकर, आणि आपला माल पाठीवर घेऊन जगभर फिरणारे.

मग मक्याचे आंबवलेले पेय आले. त्याला 'आस्वा' म्हणतात. एक बाई घागर घेऊन येते, भोपळ्याच्या वाटीत ओतते, ती एकाने पिऊन रिकामी करावयाची आणि तीच वाटी पुढच्याला. पिण्यापूर्वी थोडे थेंब जमिनीवर सांडतात, कारण धरणीमातेने आधी घ्यावयाचे. मला चित्राहुती आठवली. मुलीने सांगितले, "ओठ लाव आणि थेंब सांड, चालेल." तेवढे मी केले.

आणि आता माझी फजिती. यजमानीणबाईची आई स्वतः माझ्यापुढे आली. तिच्या हातात ताट. त्यात बटाटे, मोते आणि त्यांवर एक अख्खा भाजलेला कुय, दातांसकट. भगिनींनो, मी जन्माची शाकाहारी. मुलीने येण्यापूर्वी चांगले पढवून ठेवले होते: "आई, जे देतील ते दोन्ही हातांनी घे, 'युपायचानी' म्हण, म्हणजे आभार झाले, आणि बाजूला ठेव." पण ते ताट नाकाशी आले आणि मी सारे विसरले. मी अंग चोरले, हात झटकला आणि "नो, नो" म्हणून ताट मागे लोटले. त्या माउलीचा चेहरा उतरला. आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. हे कुय त्या बाया स्वैपाकघराच्या कोपऱ्यात गवत घालून वाढवतात. अडीअडचणीला विकून मुलांच्या वह्यापुस्तकांचे पाहतात. कुयाचे ताट प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. ज्याचा मान मोठा, त्याच्या पुढे ते येते. त्या घराने आपल्या जवळचे सर्वांत मोलाचे मला दिले होते आणि मी ते लोटले होते.

आमच्या यजमानीणबाईने प्रसंग सावरला. तिने कमरेचा एक धुतलेला फडका काढून माझ्या मांडीवर पसरला आणि माझ्या मुलीकरवी मला सांगितले, "तुम्ही काय खावे हे तुमचे तुम्ही ठरवा. पण घेतले नाही, तर आमच्या आईने दिले नाही असे होईल." मग मी पाहिले की पंगतीतल्या प्रत्येक बाईजवळ पिशवी किंवा फडके आहे. वाढलेले सारे तेथेच संपवावे अशी कोणाची अपेक्षाच नसते. थोडे खावयाचे, बाकीचे बांधून घरी न्यावयाचे: म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यासाठी, लग्नाला न आलेल्या पोरांसाठी. त्या शिदोरीला 'वान्ल्या' म्हणतात. मी उठले, त्या माउलीपुढे दोन्ही हात केले, "युपायचानी मामा" म्हटले आणि ताट घेतले. कुय फडक्यात बांधला आणि शेजारच्या बाईच्या लहान मुलाला दिला. तो इतका खूश झाला की माझी लाज थोडी कमी झाली.

मग मी बटाटे, मोते आणि मिरचीची चटणी पोटभर खाल्ली. खाताना मनात आले, की ज्यांच्या ताटाला मी नाक मुरडले त्यांचेच मी जन्मभर खात आले आहे. बटाटा या पर्वतातला. मिरची अमेरिका खंडातली, मका अमेरिका खंडातला. शेंगदाणा, रताळे, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंदही याच खंडातून आलेला. पोर्तुगीजांच्या गलबतांच्या काळापासून हे पदार्थ आपल्याकडे येत गेले. आपल्या एकादशीच्या ताटातले त्यांचे काढून घेतले तर मागे वरीचे तांदूळ आणि ताक उरेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी खरा विधी. त्याचे नाव 'न्यावी मायल्याय', म्हणजे चेहरा धुणे. पूर्वी तो नेहमी झऱ्यावर होत असे. या घरी अंगणातच झाला. एका मोठ्या परातीत झऱ्याचे पाणी, त्यात तांबड्या फुलांच्या पाकळ्या आणि जावयांच्या बागेतल्या गुलाबांच्याही. शेजारी एक हिरवी डहाळी. हात लावू गेले तर मुलगी ओरडली. अंगाला लागताच आग होणारी ती पाने, आपल्या खाजकुयलीची बहीणच. गावातला एक जाणता म्हातारा विधी सांगत होता.

वधूने वराचा चेहरा धुतला, मग हात, मग पाय. नंतर वराने वधूचा चेहरा, हात आणि पाय धुतले. भगिनींनो, मी ते दोनदा डोळे पुसून पाहिले. आपल्याकडे मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. नवऱ्याने सर्वांच्या देखत खाली बसून बायकोचे पाय धुतलेले मी माझ्या साठ-पासष्ट वर्षांत पाहिले नव्हते. नंतर दोघांनी मिळून धर्माच्या आईबापांचे आणि आपापल्या आईबापांचे हातपाय धुतले. मागचा राग, आळस, रुसवे या पाण्याबरोबर जावेत असा त्याचा अर्थ. त्या डहाळीचा हलका फटका दोघांच्याही पायांना बसला; संसारात चुकाल तर हे आठवा, असे म्हातारा म्हणाला. दोघेही 'आई ग' म्हणून उड्या मारू लागली आणि सारे अंगण हसले. मग त्याने तीन जुनी वाक्ये सांगितली: 'आमा किल्या, आमा ल्युल्या, आमा शुवा'. आळशी होऊ नका, खोटे बोलू नका, चोरी करू नका. हीच तीन वाक्ये त्यांच्या देशाच्या राज्यघटनेतही आली आहेत.

यानंतर वडीलधाऱ्यांनी एकेक करून वधूवरांना उपदेश करावयाचा. मी माझ्या सवयीप्रमाणे मागे, स्वैपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून उभी होते. ही माझी सवय कोठली, हे येथील बहुतेकींना ठाऊक आहे. २०११ साली आमचे हे गेले. २०१४ साली याच मुलीचे लग्न झाले. कन्यादान दीरजावांनी केले. मला कोणी "मागे राहा" असे म्हटले नाही. दीर तर "वहिनी, पुढे या" असेही म्हणाले होते. पण मीच पुढे झाले नाही. शुभकार्यात विघ्न नको, लोक काय म्हणतील, असे मनाशी म्हणत मी अक्षता सुद्धा खांबाआडून टाकल्या. हे आपण मोठ्या समजूतदारपणाने केले असे मला चार वर्षे वाटत होते.

त्या घरात वराची आजी होती. वय ऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली, अंगावर तोच पोशाख, मण्यांच्या माळाही तशाच. तिने मला दाराशी पाहिले आणि नातीला विचारले, "ती बाई तेथे का उभी आहे?" प्रश्न किचवातून स्पॅनिशमध्ये आणि स्पॅनिशमधून मराठीत माझ्यापर्यंत आला. मी म्हटले, "मी बरी आहे येथे." मग तिने विचारले, "यजमान कोठे आहेत?" मी सांगितले, वारले. म्हातारी म्हणाली, "माझेही. पण मग दाराशी का?"

याचे उत्तर मला कोणत्याही भाषेत देता येईना. माझ्या मुलीनेच ते दिले. मी काय म्हणाले असते ते तिने सांगून टाकले, की आमच्याकडे अशा बाईने मंगलकार्यात पुढे होऊ नये असे मानतात. म्हातारीने ते नीट ऐकून घेतले. मग ती जे बोलली ते नातीने दोनदा विचारून घेऊन आम्हाला सांगितले. ती म्हणाली, "लहानपणी मी मालकाच्या घरी कामाला होते. आम्हाला पुढच्या दाराने जाता येत नसे. मागच्या दाराशी मी पुष्कळ उभी राहिले. आता माझ्या घरात कोणी मागच्या दाराशी उभे राहिलेले मला पाहवत नाही. पुढे ये."

या बोलण्यामागे मोठा इतिहास आहे. स्पॅनिश जमीनदारांच्या वाड्यांवर किचवा कुटुंबे जमिनीच्या एका तुकड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या राबत. त्या तुकड्याला 'वासिपुंगो' म्हणत. शब्दाचा अर्थ 'घराचे दार'. १९६४ सालच्या जमीनसुधारणा कायद्याने ती पद्धत बंद झाली. १९२९ च्या राज्यघटनेने तेथील स्त्रियांना मताचा हक्क दिला, दक्षिण अमेरिकेत सर्वांच्या आधी. पण लिहितावाचता येणाऱ्यांनाच. निरक्षरांना मत मिळावयास १९७८ साली मंजूर झालेली नवी राज्यघटना यावी लागली. म्हणजे या आजीसारख्या बायांची चाळिशी येईपर्यंत त्या मतदारच नव्हत्या. कायांबेच्याच मुलुखात दोलोरेस काकुआंगो नावाची एक बाई १८८१ साली अशाच वाड्यावर जन्मली. स्वतः शाळेचे तोंड पाहिले नव्हते. तरी तिने जमिनीसाठी लढा दिला आणि १९४० नंतरच्या काळात किचवा मुलांसाठी त्यांच्या भाषेच्या शाळा काढवल्या. १९७१ साली ती वारली. त्या प्रदेशात तिचे नाव आजही आदराने घेतात.

मी तरीही जागची हलले नाही. तेव्हा माझी मुलगी माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, तुला येथे कोणी मागे उभे केलेले नाही. तेथेही केले नव्हते. माझ्या लग्नात मी अंतरपाटाच्या कडेने तुला शोधत होते. तू दिसली नाहीस." एवढेच बोलून ती गप्प झाली. चार वर्षांत तिने हे कधी बोलून दाखवले नव्हते. मी जो त्याग समजत होते, तो तिच्या लेखी आई लग्नाला नसणे होता.

मी पुढे गेले. म्हातारीने माझा हात धरून परातीशी बसवले. त्या परक्या मुलीचा चेहरा मी पाकळ्यांच्या पाण्याने पुसला. उपदेश करा, म्हणाले. मला काही सुचेना. शेवटी माझ्या सासूबाईंनी मला माप ओलांडल्यावर सांगितले होते तेच सांगितले: "रागावून ताटावरून उठू नका, आणि दुसऱ्यालाही उठवू नका." ते मराठीतून स्पॅनिशमध्ये आणि स्पॅनिशमधून किचवात गेले आणि सारे अंगण खो खो हसू लागले, कालचा कुय सर्वांच्या ध्यानात होता! ताट परतवणारी बाईच हा उपदेश करते आहे, असे ती आजीही म्हणाली आणि तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

वधूची ओटी भरण्यासाठी मी येथून इरकली खण नेला होता, तो अर्थात मुलीच्या हातून भरण्यासाठी. मुलीने पिशवीतून काढला आणि माझ्याच हातात दिला. नारळ नव्हता, तांदूळ नव्हते. ओंजळभर मक्याचे दाणे घेऊन मी ओटी भरली. सात वर्षांत भरलेली माझी ती पहिली ओटी. आजीने खण हातात घेतला आणि आधी उलटा करून मागची वीण पाहिली. विणकराच्या घरची बाई ती! वीण पसंत पडली असे तिने मान हलवून सांगितले.

मी तेथील सारेच वाखाणते आहे असे मात्र समजू नका. तिसऱ्या दिवसापर्यंत पुष्कळ पुरुष, आणि काही बायकाही, नको इतके प्यालेल्या होत्या. लग्नाच्या खर्चाची ओढाताण तेथेही आहे. कर्ज फेडता फेडता वर्षे जातात असे यजमानीणबाईनेच सांगितले. धर्माचे आईबाप जोडप्यानेच असावे लागतात, तो मान एकट्या बाईला मिळत नाही. आणि एका घरचे तीन दिवस पाहून एका समाजाविषयी निवाडा देणे हे शहाणपणाचे नव्हे. मी फक्त एका आजीविषयी बोलते आहे.

पण येथे परतल्यावर मी आपल्या मंडळाकडे नव्या दृष्टीने पाहू लागले. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तो १८९६ साली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या लहानशा गावाच्या ग्रामसभेने विधवांच्या अपमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ साली केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. आणि आपण? आपल्या मंडळात व्याख्यानाला, सहलीला, भिशीला आम्ही असतो, कार्यकारिणीत असतो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणात मात्र कोणाकोणाची नावे आपोआप गळतात. ती गाळण्याचा ठराव कोणी केलेला नाही. आम्हीही विचारीत नाही. त्या दिवशी आम्ही दुखण्याचे निमित्त काढतो, किंवा आत तिळगूळ भरण्याचे काम अंगावर घेतो. मीही सात संक्रांती असाच तिळगूळ भरला आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. येत्या संक्रांतीला सभासदांची यादी आहे तशी, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत, आमंत्रणाला वापरावी. कोणाला कुंकू लावून घ्यावयाचे आणि कोणाला नाही, हे जिचे तिने ठरवावे. कुयाच्या ताटाच्या वेळी मला जसे सांगितले तसेच. पण बोलावणे प्रत्येकीला जावे. आणि ज्या माझ्यासारख्या आहेत, त्यांना माझे वेगळे सांगणे आहे: बायांनो, बोलावणे आले तर खांबाआड उभ्या राहू नका. आपल्याला तेथून कोणीतरी शोधत असते.

माझी मुलगी पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येणार आहे. बारशाला तुम्हा सर्वांना आमंत्रण आहे. बाळाला पाळण्यात मी स्वतः घालणार आहे, हे आताच सांगून ठेवते.

 युपायचानी.